शाफ्ट चार बोटं कमी

१

सकाळी शटर वर सरकवलं की मिस्त्री आधी रेडिओ लावायचा, मग हात पुसायचं फडकं झटकायचा आणि मग कालच्या अर्धवट कामाकडे असा बघायचा, की जणू ते दुसऱ्याच कुणी बिघडवून ठेवलंय. चहा येईपर्यंत कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. पण त्या दिवशी चहाच्या आधी आत्या आली.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. त्याची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. सत्तरीला टेकली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. तिची गाडीही तिच्यासारखीच जुनी आणि नेटकी. फिक्या चहाच्या रंगाची, कोपरे झिजलेली, एवढीशी. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायची, म्हणून सगळे तिला वडीच म्हणत. बाजार, दवाखाना आणि एक मैत्रीण, एवढंच वडीचं जग. आत्या ती इतकी सावकाश चालवायची, की मागच्या गाडीवाल्यांचे हॉर्न दाबून अंगठे दुखायचे.

"हिला चारही चाकांनी पळव," आत्या म्हणाली.

"चारही फिरतात की, आत्या."

"फिरतात. पण ओढतात पुढची दोनच. मागची नुसती बरोबर येतात, जेवायला आलेल्या पाहुण्यांसारखी. मला चारही कामाला लागलेली हवीत. आणि इंजिन असं घाल की टेकडी चढताना धाप लागता कामा नये."

टेकडी म्हटल्यावर मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. दगडाच्या जुन्या खाणीपासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत वळणावळणांचा एक रस्ता जायचा, आणि दर वर्षी त्यावर गाड्यांची चढाईची शर्यत व्हायची. ऐन तारुण्यात आत्या एकदा तिच्यात उतरली होती. मधल्याच वळणावर गाडी बंद पडली. ती गाडी ढकलत खाली येईपर्यंत दोन्ही बाजूंची माणसं हसत होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं.

"तेव्हा मागाहून हसले," आत्या म्हणाली. "या वेळी आधी हसून घेऊ देत. बाहेरून काही बदलायचं नाही. दारावरचा पोचासुद्धा राहू दे. कापड तेच, अस्तर बदल."

"आत्या, हे काम सोपं नाही."

"सोपं असतं तर मीच नसतं का केलं?"

घरी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "करून टाका. नाहीतर त्या दुसऱ्या कुणाकडे जातील, आणि त्याला हे जमणार नाही."

२

पुढचे काही आठवडे मिस्त्री हवेत होता. भंगारवाल्याकडे एक मोठी गाडी पडून होती. एका बाजूनं पार चेंदामेंदा, पण पोट शाबूत. तिचं टर्बो इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल, असं सगळं त्यानं उतरवून आणलं. वडीचं मूळ इंजिन बाहेर काढलं, तेव्हा ते खेळण्यातलं वाटलं. नवं इंजिन त्या जागेत बसवताना बोटं सोलून निघाली, पण बसलं. पेट्रोलची टाकी डिकीत गेली. गाडीचा तळ त्यानं मधोमध कापला आणि तिथे पत्र्याचा एक बोगदा वेल्ड केला. तळ कमजोर होऊ नये म्हणून खालूनही पत्रा लावला. फक्त पुढचं आणि मागचं तोंड उघडं. त्यातून शाफ्ट जायचा होता, म्हणजे पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंतचा लोखंडी दांडा. तो फिरला की मागची चाकं ओढायला लागणार. तेवढा बसला की काम फत्ते.

शाफ्ट करणार होता मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. समोरच्याच गल्लीत त्याचं लेथ मशीन होतं. आपल्या कामात केसाचाही फरक पडत नाही, असं तो येताजाता सांगायचा. म्हणून त्याचं नाव पडलं मायक्रॉन.

मिस्त्रीनं माप दिलं, मायक्रॉननं शाफ्ट केला आणि खांद्यावर टाकून आणला. बोगद्यात सरकवून पुढचं टोक जोडलं. मागचं टोक डिफरन्शियलपर्यंत पोचलंच नाही. चार बोटं कमी.

"मायक्रॉन," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला, "हा फरक केसाचा नाही रे, अख्ख्या वेणीचा आहे."

"भावजी, तुम्ही दिलेल्या मापाचा केलाय. लावा टेप."

टेप लावला. शाफ्ट बरोबर होता. मग बोगद्यातून टेप घालून अंतर मोजलं, तर तेच चार बोटं जास्त भरलं. म्हणजे चूक मिस्त्रीची. त्यानं कान पकडले, मायक्रॉननं दिवसभर मनसोक्त ऐकवलं आणि नव्या मापाचा दुसरा शाफ्ट करून आणला.

दुसराही चार बोटं कमी पडला.

या वेळी कुणी चेष्टा केली नाही.

३

गाडी वाकत असणार, असं मिस्त्रीनं ठरवलं. तळ कापलेला, इंजिन जड. लिफ्टवर उचलली की मधून झोल पडत असेल आणि अंतर वाढत असेल. कारण सापडल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं मायक्रॉनला चहा पाजला. मग गाडी चार चाकांवर खड्ड्यावर उभी केली. खड्डा म्हणजे गॅरेजच्या जमिनीतली ती लांबट खोदलेली जागा, जिच्यात उतरून गाडीच्या पोटाखाली उभं राहता येतं.

आधी बाहेरून मोजलं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडी होती तेवढीच होती. मग गिअरबॉक्सच्या टोकाला ओळंबा लावला, डिफरन्शियलच्या टोकाला दुसरा. ओळंबे टेकले तिथे खडूच्या खुणा केल्या. दोन खुणांमधलं अंतर अगदी पहिल्या मापाइतकं भरलं. दोघांनी सुस्कारा सोडला.

मग बोगद्यातून पोलादी तार घातली, दोन्हीकडून ताणली, कापली आणि खाली खडूच्या खुणांवर ठेवली.

तार खुणेच्या पुढे गेली होती. चार बोटं नाही, चांगली वीतभर.

"ताणली गेली असेल," मायक्रॉन म्हणाला.

"सोडल्यावर आखडेल ना मग? लांब कशी होईल?"

मायक्रॉनच्या खिशात बेअरिंगची एक गोळी असायची, विचार करताना तो ती बोटांत फिरवायचा. ती त्यानं मिस्त्रीला दिली. "तुम्ही मागून सोडा. मी पुढे हात धरतो." जॅक लावून गाडी मागून जराशी उचलली. मिस्त्रीनं गोळी बोगद्याच्या तोंडात ठेवली आणि सोडली.

पत्र्यावरून लोखंड घरंगळायचा आवाज. तो आवाज दोघांनीही आयुष्यभर ऐकलेला. आधी जवळ होता, मग बारीक झाला. मग आणखी बारीक झाला. शेजारच्या खोलीतून यावा तसा, मग रस्त्यापलीकडून यावा तसा. मिस्त्री हात पुसत पुढे आला. मायक्रॉन ओंजळ धरून उभा होता. "अडकली," मिस्त्री म्हणाला. मायक्रॉननं मान हलवली. त्याला अजून ऐकू येत होती. दोघं तसेच उभे राहिले. बाहेर कुणी तरी स्कूटर सुरू केली, ती गल्लीच्या टोकाला गेली, वळली. आणि मग गोळी टप्पकन ओंजळीत पडली.

मायक्रॉननं ती झटकन फळीवर ठेवून दिली.

"गार आहे," तो म्हणाला. "भावजी, हात लावून बघा. बर्फासारखी गार आहे."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रॉन आला नाही. मिस्त्री एकटाच खड्ड्यात उतरला. वरच्या खिडकीतून ऊन येत होतं, रेडिओवर कुणी तरी गात होतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. त्यानं मागच्या तोंडाशी डोळा लावला.

पत्रा त्यानंच कापला होता, त्यानंच वाकवला होता. टाके कुठे नीट बसले आणि कुठे घाई झाली, ते त्याला पाठ होतं. आत जवळचे टाके दिसत होते. त्यानंतरही टाके होते. मग आणखी टाके, त्याच्याच हातचे, तशाच घाईचे, एकामागून एक, लहान लहान होत गेलेले. आणि दूर टोकाला नाण्याएवढा उजेड.

त्यानं डोळे चोळले. चष्म्याचा नंबर वाढला असेल. आत काळा रंग मारलाय, त्यात अंतर कळत नाही. वाकून वाकून डोक्यात रक्त उतरलं असेल. तो एकेक कारण समोर ठेवत गेला, आणि प्रत्येक कारण ठेवल्यावर तो नाण्याएवढा उजेड तिथेच राहिला.

चेहऱ्यावर हळूच वारा आला. स्वच्छ होता, लोखंडाचा, ग्रीसचा वास नसलेला. मोठ्या सभागृहाचं दार कुणी किलकिलं करावं आणि आतली रिकामी भव्य शांतता बाहेर यावी, तसा. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला, पण तो मागे सरला नाही. त्याला, का कोण जाणे, डोक्यावरची टोपी काढावीशी वाटली. त्यानं काढली.

संध्याकाळी आत्या आली, तेव्हा त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. "काम बंद करतो. जुनं इंजिन घालून देतो. तुझी गाडी होती तशी होईल."

"मला बघू दे," आत्या म्हणाली.

"खड्ड्यात? तुझे गुडघे—"

"माझे गुडघे मला माहीत आहेत. हात दे."

ती खड्ड्यात उतरली, पदर खोचला आणि बोगद्याला डोळा लावला. बराच वेळ गेला. मिस्त्रीला वाटलं, हिला चक्कर आली की काय. मग ती वळली. तिचा चेहरा त्यानं इतका निवळलेला कधी पाहिला नव्हता. लहानपणी आजारातून उठल्यावर ती त्याच्याकडे जशी बघायची, तशी ती त्या गाडीच्या पोटाकडे बघत होती.

"काय दिसलं?"

"लांब आहे," आत्या म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "किती लांब आहे रे!"

"म्हणून तर म्हणतो, बंद करू."

"वेडा आहेस का? कापड अंगाला येत नसेल तर माणूस कापतात, की कापड वाढवतात? जेवढा मागतोय तेवढा शाफ्ट कर."

५

मायक्रॉन आधी नाही म्हणाला. त्याच्या बहिणीनं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दोन दिवसांनी तो येऊन मुकाट तार घेऊन गेला. त्या दिवशी बोगद्यातून नवी तार घालून पुन्हा मोजलं होतं. ती अख्ख्या गाडीहून लांब होती.

शाफ्ट आला तो हातगाडीवरून. जमिनीवर वडीच्या शेजारी ठेवला, तर पुढे आणि मागे, दोन्हीकडे बाहेर आला. कुणीही बघितलं असतं तर हसलं असतं. दोघांनी गाडी लिफ्टवर घेतली, डिफरन्शियल उतरवून ठेवला आणि मागच्या तोंडातून दांडा आत घालायला लागले.

तो जात राहिला.

मायक्रॉन धरून होता, मिस्त्री ढकलत होता. हाताखालून लोखंड सरकत होतं, आणि पुढच्या तोंडातून काहीच बाहेर येत नव्हतं. अर्धा गेला, आणखी गेला. मागचा शेवटचा वीतभर भाग आत शिरला, तेव्हा पुढे खट्ट असा आवाज झाला आणि टोक गिअरबॉक्सवर बसलं. इतकं अचूक, की बोल्ट हातानंच फिरत गेले.

"केसाचाही फरक नाही," मायक्रॉन पुटपुटला. आणि खाली बसून त्यानं तोंड हातांत लपवलं. तो हसतोय की रडतोय, हे मिस्त्रीला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळत नसावं.

सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रीनं मागचं चाक हातानं फिरवलं. पुढचं चाक हललं नाही. तो दुसऱ्यांदा फिरवायला वाकला, तेवढ्यात पुढचं चाक आपणहून फिरलं. नेमकं तेवढंच, जेवढं त्यानं मागचं फिरवलं होतं. जिन्याखालून हाक मारावी आणि वरच्या मजल्यावरून सावकाश 'ओ' यावी, तसं.

"घरी जाऊ या, भावजी," मायक्रॉन म्हणाला.

६

आत्यानं पहिले दोन दिवस गाडी बाजारातच नेली. तक्रार काही नाही. उलट म्हणाली, इतकी शांत चालते की भाजीवाल्याला माझं येणं कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला शेजारी बसवलं आणि गाडी नव्या बाहेरच्या रस्त्यावर काढली. तिथे सकाळी चिटपाखरू नसतं.

"धर नीट," म्हणाली.

मिस्त्रीनं जन्मात खूप गाड्या पळवल्या होत्या. वेग म्हणजे आवाज, हादरे, पोटात गोळा, हे त्याला माहीत होतं. हे तसं नव्हतं. आत्यानं पाय दाबला आणि काही ओढलंही गेलं नाही, ढकललंही गेलं नाही. रस्ताच त्यांच्या खालून उचलून मागे ठेवल्यासारखा झाला. झाडं, खांब, मैलाचा दगड, सगळं आलं आणि गेलं. इंजिनाचा आवाज कुठे तरी खूप मागे होता. आत्याचे हात स्टीअरिंगवर सुईदोरा धरल्यासारखे हलके.

"माझी पिशवी पडली का बघ मागे," ती म्हणाली.

त्यानं मागे हात घातला. हाताला सीट लागली नाही. त्यानं मान वळवली.

मागची सीट होती. तिच्यावर पिशवी होती. पण ती खूप लांब होती. दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकीपुढे एक अशा मागे मागे गेल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या शेवटी मागची काच, बोटाच्या नखाएवढी, पांढऱ्या उजेडानं भरलेली. विहिरीच्या तळाशी बसून वरचं तोंड पाहावं, तशी. मिस्त्री बघत असतानाच त्या उजेडाचा एक काठ काळा झाला. काळेपणा सावकाश पुढे आला आणि थांबला. कुणी तरी वाकून आत बघत होतं.

डोकं होतं का ते? त्याला सांगता आलं नसतं. फक्त इतकं कळत होतं, की जे इथून नखाएवढं दिसतंय ते तिथे केवढं असेल, त्याला माप नाही. आणि तरी नजर हटेना.

"थांबव," तो म्हणाला. "आत्या, थांबव गाडी!"

ती थांबली. त्यानं परत मागे पाहिलं. मागची सीट हाताशी होती. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.

"दिसलं तुला?" आत्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मला पहिल्या दिवसापासून आरशात दिसतंय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? ते काही करत नाही. मूल पाळण्यात झोपलंय की उठलंय, हे बघायला आई दारातून डोकावते ना, तसं बघतं आणि जातं."

"मी आजच शाफ्ट काढतो."

"काढ," आत्या म्हणाली. "शर्यत झाली की काढ. मला एकदा वर जाऊ दे."

त्यानं तिच्याशी वाद घातला. घरी आल्यावर बायकोनंही घातला. पण गाडी तिची, किल्ली तिची, आणि हट्टही तिचाच.

७

शर्यतीच्या दिवशी लोक हसले. आत्याला हवे होते त्याहून जास्त हसले. रंगीबेरंगी, गुरगुरणाऱ्या गाड्यांच्या रांगेत शेवटी वडी उभी होती, खिडक्यांना पडदे आणि दारावर पोचा. "आजी, बाजार पलीकडे आहे!" कुणी तरी ओरडलं. आत्यानं मान डोलावली, जणू कुणी मोलाचा सल्ला दिलाय.

मिस्त्री वर टाकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे रस्ता संपतो. पुढे टाकीची भिंत, तिच्यामागे थोडं गवत, मग कडा आणि आभाळ. घड्याळ लावणारा माणूस कानाला फोन धरून होता. खालून निशाणवाला सांगायचा, "सोडली," की हा बटण दाबायचा. एकेक गाडी गर्जना करत वळणं घेत वर येत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

"शेवटची," घड्याळवाला म्हणाला. "साबणाची." आणि फोनमध्ये, "बोल... हां. सोडली?"

त्यानं बटण दाबलं आणि मान वर केली, तर वडी त्याच्यासमोर उभी होती.

कुणी तिला येताना पाहिलं नव्हतं. धूळ उडाली नव्हती. ती तिथे अशी उभी होती, जशी सकाळपासून तिथेच लावलेली असावी. दार उघडलं आणि आत्या उतरली, साडीच्या निऱ्या सारख्या करत. घड्याळवाल्याच्या कानाशी फोनमधला माणूस अजून बोलतच होता.

कुणी टाळी वाजवली नाही. काय झालं, हेच कुणाला उमगलं नव्हतं. मिस्त्री धावत तिच्यापाशी गेला. "बरी आहेस?"

"गप्प," आत्या म्हणाली. "ऐक."

खालून गाडी चढत होती.

खाणीपाशी इंजिन गरजलं. तो आवाज मिस्त्रीला झोपेतही ओळखता आला असता. त्याच्याच हातांनी बसवलेलं टर्बो, त्याच्याच हातांनी लावलेला गिअर. आवाज पहिल्या वळणावर आला. रस्ता वरून सगळा दिसत होता, उन्हात पांढरा, रिकामा. आवाज दुसऱ्या वळणावर आला. कडेची माणसं मागे सरली, कशासाठी ते त्यांनाच माहीत नव्हतं. आवाज वर वर येत होता, आणि जसजसा जवळ येत होता तसतसा मोठा नाही, खोल होत होता. मग त्यात इंजिन उरलं नाही. पर्वतानं कूस बदलावी, असं काही तरी त्या रिकाम्या रस्त्यावरून चढत होतं. बापांनी पोरांना उचलून घेतलं. घड्याळवाल्यानं फोन खाली ठेवला. आत्यानं मिस्त्रीचं मनगट घट्ट धरलं.

ते त्यांच्यापाशी आलं. इंजिन बंद करून उभ्या असलेल्या वडीजवळून गेलं. मिस्त्रीच्या छातीतून गेलं, असंही त्याला वाटलं. सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याबरोबर वळल्या. ते टाकीपाशी थांबलं नाही. भिंत, गवत, कडा ओलांडून ते तसंच चढत गेलं, जिथे रस्ता नव्हता तिथे. बराच वेळ ऐकू येत राहिलं. नंतर ऐकू येणं बंद झालं, पण ते थांबलं असं कुणालाच वाटलं नाही.

कुणी तरी हुंदका दिला. एका म्हाताऱ्यानं उगाचच हात जोडले.

घड्याळ बिघडलं होतं, असा पुढे निकाल लागला आणि बक्षीस लाल गाडीवाल्याला मिळालं. आत्यानं त्याचं अभिनंदन केलं. पण घरी परतताना तिनं किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली.

"मी तर पोचले होते," ती म्हणाली. "मग चढत कोण होतं रे? काढून टाक तो शाफ्ट."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं वडी लिफ्टवर घेतली. मायक्रॉनला बोलावलं नाही. आत्या मात्र आली, आणि दाराशी स्टूल टाकून बसली.

पुढचे बोल्ट सुटले. मग तो मागे आला. डिफरन्शियल उतरवला आणि शाफ्टचं टोक धरून ओढायला लागला. हातभर आला, दोन हात आला. वजन वाढत चाललं. आणखी थोडा आला आणि अडकला. आत खोल कुठे तरी दुसरं टोक बोगद्याच्या एखाद्या कडेला टेकलं होतं. असा दांडा एकट्यानं काढायचा नसतोच. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. मिस्त्रीनं पाय रोवले, खांदा लावला. दांडा घसरला आणि त्याचं सगळं ओझं त्याच्या छातीवर आलं. श्वास अडकला.

आणि जन्मभराच्या सवयीनं, काही विचार न करता, तो म्हणाला, "जरा वर घे."

दुसरं टोक वर उचललं गेलं.

झटका नाही, ओढाताण नाही. जेवढं हवं तेवढंच. छातीवरचं वजन निघून गेलं. दांडा त्याच्या हातांत पिसासारखा झाला आणि तसाच राहिला, कारण पलीकडे, कितीतरी दूर, तो कुणी तरी नीट धरून उभं होतं. कामाची जाण असलेल्या माणसासारखं. घाई न करता. पुढे काय करायचं ते मिस्त्री सांगेल, याची वाट बघत.

मिस्त्री तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. त्याला भीती वाटत होती, पण त्या भीतीखाली दुसरंही काही तरी होतं आणि ते भीतीपेक्षा फार मोठं होतं. इतकं मोठं कुणी तरी, आणि माझ्यासाठी टोक धरून उभं.

त्यानं दांडा ओढला नाही. हळूच आत सारला. पलीकडून तो तितक्याच हळू आत घेतला गेला. पुढे खट्ट झालं.

तो बाहेर आला, तेव्हा आत्या स्टुलावरून उठली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"निघत नाही?"

"निघेल," मिस्त्री म्हणाला. "पण राहू दे."

आत्यानं मान हलवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

ती अजून वडी चालवते. बाजार, दवाखाना, मैत्रीण. मागचे लोक अजून हॉर्न वाजवतात. शर्यतीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मायक्रॉन गॅरेजमध्ये येतो, पण वडी आत असली तर दारातूनच बोलतो. तिचं तेलपाणी मिस्त्री स्वतः बघतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कधी शाफ्टचे बोल्ट आवळायचे असले, तर तो आधी रेडिओ बंद करतो, टोपी काढून फळीवर ठेवतो आणि खाली जातो.

आणि दांडा जड झाला की आता तो 'घे' म्हणत नाही.

"जरा वर घ्या," म्हणतो.